खाली न पाहण्याचा हंगाम

काजूला मोहर आला आणि यंदा आमच्या घराच्या जनेलांच्या काचा पुन्हा थरथरू लागल्या. पोदेर सकाळचे पाव, उंडे, देऊन गेलेला असतो, पार्से गावावरचं धुकं अजून नदीकडे सरकायचं असतं, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बरण्या एकमेकींना हलकेच धक्के द्यायला लागतात. आधी काच, मग आवाज, मग अंगणातल्या कोंबड्यांची पळापळ. समुद्रकिनाऱ्यावर हवाई कसरतींचा कार्यक्रम ठरला आहे, त्याची तालीम चालू आहे. लाल-पांढरी नऊ विमानं डोंगरीमागून वर येतात, आभाळात धुराच्या रेघा ओढतात आणि पुन्हा डोंगरीमागे जातात. माझी बायको सुलभा चुलीपाशी उभ्याउभ्याच म्हणते, "आली तुमची मंडळी." आई मात्र वर पाहत नाही. ती माझ्याकडे पाहते. खरं म्हणजे माझ्या पाठीकडे.

"वाकू नको," पायरीवरची उंड्यांची पिशवी घ्यायला मी पुढे झालो की ती म्हणते. "मी घेतंय."

आणि भिंतीला धरून, ढोपरांवर हात ठेवत, कण्हत ती स्वतः वाकते.

अशाच एका चमूत मी एक हंगाम उडत होतो. लीडरच्या डाव्या हाताला माझं विमान असे. त्यात माझी पाठ गेली, म्हणून मी चमू सोडला, असं आमच्या घरात, गावात आणि सुलभाच्या माहेरी साखळीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझी पाठ कधीच दुखली नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना खुर्चीत ताठ बसलो आहे.

दर वर्षी याच दिवसांत, मोहराचा वास गावभर सुटला की, आई नारळ घेऊन डोंगरीवरच्या देवळात जाते. चिऱ्याच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि मधल्या काही तर निखळूनच गेल्या आहेत. माझ्या पाठीसाठीचा तो नवस आहे. यंदा डॉक्टरांनी तिला पायऱ्या चढायच्या नाहीत म्हणून बजावलं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "डागदराक काय जाता सांगाक? ती पाठ डागदराच्या झिलाची नाय."

मी, तिचा झील, रस्त्याकडे बघत राहिलो. पण मनात ठरवलं, की आई यंदा पहिली पायरी चढायच्या आत तिला सांगायचंच.

कॉकपिट म्हटलं की लोकांना आभाळ आठवतं. मला आठवते ती अडचण. दोन्ही ढोपरं पत्र्याला टेकलेली, खांदे पट्ट्यांनी आवळलेले, श्वास अर्ध्यावर अडेल इतके. तोंडावर रबरी मुखवटा, त्याला स्पिरिटचा आणि सकाळच्या चहाचा वास. वरची काच बंद झाली की बाहेरचं जग विहिरीच्या पाण्यात बुडी मारल्यासारखं मिटतं आणि स्वतःचाच श्वास कानात ऐकू येऊ लागतो, मागे कुणी दुसरं माणूस बसलं असावं तसा.

आणि मग आभाळ उरतच नाही. उरतं फक्त लीडरचं विमान. त्याच्या पंखाच्या टोकावरचा दिवा त्याच्या अंगावरच्या एका ठरलेल्या खुणेवर आला पाहिजे. तो तिथे असला म्हणजे तुम्ही योग्य जागी आहात. तो बोटभर हलला तर तुम्ही हललात. समोरच्या घड्याळांकडे बघायचं नाही, समुद्राकडे नाही, जमिनीकडे तर नाहीच. लीडर डोंगरावर गेला तर त्याच्याबरोबर डोंगरावर जायचं. हे आम्हाला कुणी शौर्य म्हणून शिकवलं नव्हतं. पेजेत मीठ घालतात तसं ते घातलेलं होतं.

विमानाचं नाक मुद्दाम सतत खाली ओढ घेईल असं लावून ठेवायचं आणि हाताने ते सारखं वर धरून राहायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा वेडेपणा वाटला. मग आमच्या गोठ्यातलं वासरू आठवलं. दावं ताणून धरलं की त्याला हिसका देता येत नाही. ढिलं सोडलं की देतं. मांडीवर कोपर टेकवून मी विमानाचा दांडा धरून ठेवायचो आणि उतरल्यावर बोटं उघडायला दुसऱ्या हाताची मदत लागायची. घामाचा एक थेंब कपाळावरून निघायचा, भुवईशी थांबायचा, डोळ्यात उतरायचा. पुसायला हात मोकळा नसायचा. वळण कडक झालं की गाल खाली ओघळायचे, हात काजूबियांच्या पोत्यासारखा जड व्हायचा, पोट आवळून कुंथत श्वास घ्यावा लागायचा. आणि एवढं सगळं चाललेलं असताना डोळ्यांसमोर लीडरचं विमान मात्र स्थिर. तो उलटा झाला तरी आपणही उलटे झालेले असतो, म्हणून तो हलतच नाही. त्याच्या मागून समुद्र वर जातो, किनारा आडवा होतो, सूर्य पायाखालून निघतो. फिरत असतं ते जग. इतकी शांतता मी पुन्हा कुठेही अनुभवली नाही.

त्या शांततेत एकच आवाज असे, लीडरचा. प्रत्येक हालचालीआधी तो ती बोलून दाखवायचा, लांबवून, एका ठरावीक हेलात. "पुलिंग... अप." शेवटच्या अक्षरावर सगळ्यांचे हात एकदम हलायचे. मला ते ऐकताना आमच्या देवळातलं गाऱ्हाणं आठवायचं. "बा देवा म्हाराजा" म्हणून एकानं सुरुवात करायची, एकेक मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लीडर पंजाबचा, तुटक बोलणारा माणूस. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा है. बस, आमीन देर से मत बोलना."

हे सगळं आम्ही जमिनीवरही करायचो. उडण्याआधी गोलाकार खुर्च्यांवर बसायचं, डोळे मिटायचे, उजवा हात मांडीवर. लीडर बोलत जाणार आणि आम्ही न दिसणारा दांडा हलवत जाणार. गोव्यातला कार्यक्रम ठरला तेव्हा मला दोन दिवसांची रजा मिळाली होती. घरी आलो तरी सराव चुकवायचा नव्हता. सकाळी सोप्यावर बाबांची जुनी लाकडी खुर्ची, त्यांचं कदेल, ओढलं, त्यावर बसलो, डोळे मिटले आणि लीडरच्या सुरात पुटपुटू लागलो. बाबा तेव्हा जाऊन फार दिवस झाले नव्हते. आई परसातून नारळाच्या शेंड्या घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय रे, अवसर इलो काय तुका?"

मी डोळे उघडले. अंगात येणाऱ्या माणसापुढे उभं राहावं तशी ती हात जोडायच्या बेतात होती. मी हसलो, तिला समजावलं. मग तिला कदेलवर बसवून तिच्या हातात लाटणं दिलं आणि म्हटलं, "आता ओढ." तिनं डोळे घट्ट मिटून लाटणं इतक्या जोरात ओढलं की कदेल मागच्या दोन पायांवर गेलं. "मेलंय मी!" ती ओरडली. दोघंही पोट धरून हसलो. बाबा गेल्यानंतर ती तेव्हा पहिल्यांदा हसली होती.

त्या हसण्यातच तिनं विचारलं, "तुमी नव जण. माका कसा कळतला तू खंयच्या इमानात ता?"

"नाही कळणार."

"मगे तुका तरी कळांदे मी खंय आसंय. कुणग्यात माझा तांबडा लुगडा पसरून ठेवतंय. एकदा खाली बघ हां."

"बघतो," मी म्हणालो. काय म्हणणार होतो?

इतक्या उंचीवरून, समुद्रावरून, एवढ्या लांबच्या शेतातलं लुगडं दिसत नाही. हे मला चमूत येण्याआधीपासून ठाऊक होतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी विमानात चढतानाही ठाऊक होतं.

किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाताना आम्ही वर ओढलं आणि लूपच्या, म्हणजे उभ्या गिरकीच्या, माथ्यावर आलो. सगळे उलटे. समुद्र डोक्यावर टांगलेला. माझी नजर उजवीकडे, लीडरच्या पंखावर. आणि त्या पंखापलीकडे, फक्त बोटभर अंतरावर, आमचा पेडण्याचा सगळा मुलूख उलटा लोंबत होता. माड, कुणगे, नदीचं वळण. त्या वळणाच्या आत आमचं घर. डोळे तिथे गेले. नेले म्हणणं जास्त खरं आहे. लाल काहीच दिसलं नाही. नदी तेवढी चमकली. मग कानात पाच नंबरच्या बालाचा आवाज आला, "फाइव्ह, आउट!"

बाला माझ्या डाव्या बाजूचा. त्याची नजर लीडरवर आणि माझ्यावर. मी त्याच्या अंगावर घसरत होतो. तो बाहेर पडला नसता तर पुढचं लिहायला मी नसतो आणि तोही नसता. त्याच्या धुराची रेघ इतरांपासून सुटून एकटीच बाजूला वळली. किनाऱ्यावरच्या लोकांना ती कसरतच वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, असं नंतर कळलं.

उतरल्यावर आम्ही एका खोलीत डीब्रीफला बसायचो. हुद्दे दाराबाहेर ठेवून. ज्यानं त्यानं आपली चूक आधी सांगायची, दुसऱ्यानं दाखवायच्या आत, आणि सुरुवात लीडरनं करायची. काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करणार. सबब नाही, आरडाओरडा नाही. माझी पाळी आली. काय चुकलं ते मी सांगितलं. का, तर म्हणालो, "डोंगरीकडून हवेचा धक्का बसला, सर." बाला माझ्याकडे पाहत होता. लीडरनं नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशीचा लूप किनाऱ्यापासून आणखी आत, समुद्रावर नेला. माझ्या एका लुगड्यासाठी नऊ जणांनी आपला रस्ता बदलला आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "दिसला काय रे लुगडा?"

"दिसलं," मी म्हणालो.

त्यानंतर माझी नजर माझी राहिली नाही. प्रत्येक उड्डाणात ती पंखापलीकडे सरकायला बघायची. तिथे माळरान असो की परकं शहर, बोटभर पलीकडे काहीतरी आहे असं वाटायचं. हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. पाठ दुखते हे मात्र सांगता आलं, कारण पाठ दुखत नाही हे कुठल्याच यंत्राला दाखवता येत नाही. निरोप देताना लीडरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. जरा जास्त वेळ ठेवला. "पीठ का ख़याल रखना," एवढंच म्हणाला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

पुढची वर्षं हवाईदलाच्या वर्गात शिकवण्यात गेली, मग निवृत्ती, मग साखळीच्या एका विद्यालयात भौतिकशास्त्र. गुरुत्वाकर्षण शिकवताना मुलं विचारतात, "सर, कसं वाटायचं वर?" मी सगळं सांगतो, दावं, घाम, गाल, लीडरचा आवाज. लूपच्या माथ्यावर आलो की घंटा होते, किंवा मी ती होऊ देतो.

घरी माझ्या पाठीचा संसार वेगळाच वाढत गेला. निगडीचा पाला, कढवलेलं तेल, वाळूची शेकायची पुरचुंडी. देवळात बसताना मला भिंतीकडची जागा. काजूच्या दिवसांत बियांची पोती आई मला उचलू देत नाही, कामाला आलेल्या माणसाला हाक मारते. एकदा ती झोपली आहे असं पाहून मी पोतं खांद्यावर मारून माडाखालून कोठीकडे चाललो होतो. समोर सुलभा. तिनं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमची पाठ फक्त आईंसमोर दुखते का?" त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मग आईंना का नाही सांगत?"

का नाही? तर लुगड्यामुळे. खरं कारण सांगायचं तर लुगड्याचं नाव निघणार. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा हसून तिनं जे मागितलं, त्यानं दोन जीव जायची वेळ आली होती, हे तिला कसं सांगायचं? मी स्वतःला समजावत आलो की मी तिला वाचवतो आहे. तेवढ्यासाठी ती दर वर्षी त्या पायऱ्या चढत होती आणि मी खाली उभा राहून तिच्या चपला सांभाळत होतो.

यंदा बरण्या वाजू लागल्या आणि मी आधी बालाला फोन केला. तो आता कोचीत असतो, नातवंडं सांभाळतो. मी नमस्कारही न करता म्हणालो, "त्या दिवशी हवेचा धक्का नव्हता. मी माझं गाव बघत होतो."

तो मग हसला. "मुझे लगा था कोई लड़की होगी." आणि थोड्या वेळानं, "घर पे बोला?"

"नाही."

"तो मुझे क्यों पहले बोला? डीब्रीफ उधर है."

आई जायची होती त्या दिवशी सकाळी मी सोप्यावर ते कदेल ओढलं. ती नारळ पदराखाली धरून बाहेर आली. मी तिला समोर बसायला सांगितलं आणि स्वतः कदेलवर बसून डोळे मिटले. मांडीवर हात ठेवला. लीडर जसा प्रत्येक वळणाआधी बोलायचा तसं मी बोलत गेलो. वर ओढलं. उलटे झालो. समुद्र डोक्यावर. उजवीकडे लीडर. त्याच्या पलीकडे आपलं घर. इथे थांबावंसं वाटलं, पण वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर हात हलवायचा असतो, थांबायची सोय नसते.

"इथे मी खाली पाहिलं, आई. लुगडं दिसलं नाही. दिसलं म्हणालो ते खोटं. बालाच्या अंगावर जाणार होतो. पाठीला काही झालं नव्हतं. मी भ्यालो होतो."

डोळे उघडले. आई रडेल, स्वतःला बोल लावेल, याची तयारी मी कित्येक वर्षं केली होती. ती पुढे झुकून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"पाठीक काय्येक जावक नाय?"

"नाही."

"कधीच दुखूक नाय?"

"कधीच नाही, आई."

तिनं नारळ बाजूला ठेवला. पदर तोंडावर घेतला. मग त्यातूनच, थांबत थांबत, ती बोलू लागली. त्या दिवशी लुगडं पसरून ती डोंगरीवर गेली होती, देवळाच्या मागच्या कातळावरून समुद्र दिसतो म्हणून. नऊ रेघा एकत्र वर गेल्या आणि एक सुटून बाजूला गेली. तिला वाटलं, तो मीच, आणि मला खाली आण म्हणून तिनं देवाला साकडं घातलं.

"तसाच देवाक सांगितलंय, माझ्या झिलाक खाली हाड. कसोय हाड, पण खाली हाड. आणि मगे तू पाठ घेवन इलंस." तिनं श्वास घेतला. "माका वाटला, देवान माझा आयकल्यान आणि बदल्यात तुझी पाठ घेतल्यान. मी मागितलंय म्हणान घेतल्यान. ती परत दी म्हणान मी वर जातंय मरे, दर वर्साक."

सुलभा दारात उभी होती. तिच्या हातातलं पीठ वाळत चाललं होतं.  तिला दुःख नको म्हणून मी जे खोटं रचलं, त्याच्याखाली ती इतकी वर्षं स्वतःला अपराधी ठरवून पायऱ्या चढत होती.

"पण आई, लुगड्यामुळे मी..."

"लुगडा!" तिनं पदर काढला. डोळे ओले होते, पण आवाज तिचा नेहमीचा झाला होता. "माडार चडलेलो पाडेली माका दिसाक नाय खालसून. इतक्या वरसून लुगडा दिसता? तुका शिकलेल्याक कळूक नाय ता?"

"कळत होतं."

"मगे बघलंस कित्याक?"

"तू म्हणालीस म्हणून."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "माझी चूक, मी सांगितलंय. तुझी चूक, तू बघलंस. जाला. देवाचो काय संबंध त्यात? त्येका उगीच दर वर्साक उठयलंय." आणि नारळ उचलून तिनं माझ्या हातात दिला. "पाठ बरी आसा मां तुझी? मगे तू चड. जावन सांग त्येका."

डोंगरीपर्यंत आम्ही गाडीनं गेलो. आई पहिल्या पायरीपाशी, फुलं विकणारीच्या शेजारी दगडावर टेकली. माझ्या चपला तिनं आपल्या पायांजवळ ओढून घेतल्या. मी चढलो. न थांबता चढलो. देवळात कुणी नव्हतं. नारळ ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "बा देवा म्हाराजा, माझी चूक आधी सांगतो." सगळी सांगितली, काय आणि का. "व्हय म्हाराजा" म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून ते मीच म्हटलं.

बाहेर पायरीवर आलो तेव्हा तालमीची विमानं आली. देवळाची घंटा आपोआप किणकिणली आणि नऊच्या नऊ डोक्यावरून गेली. मी वर पाहिलं नाही. खाली, मोहरलेल्या काजूंच्या फटीतून, आई दिसत होती. तीही वर पाहत नव्हती. फुलवालीला काहीतरी सांगण्यात ती रंगली होती. हात मागे नेऊन आपल्याच पाठीवर थापटत होती, मान हलवत होती, आणि दोघी जणी मोठमोठ्यानं हसत होत्या.

मी तिथेच उभा राहून खाली पाहत राहिलो.